बारा नंबरची कांडी

—तो नव्हे, त्याच्या खालचा खण. आणि ओढताना जरा उचलून ओढा, नाहीतर सगळा पायावर येतो—माझ्या आला होता एकदा, अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. हं, असा. बघा, सात नंबरच्या प्लॉटच्या सगळ्या कांड्या इथेच आहेत, एक ते चाळीस. कुठे जाणार त्या, त्यांना काय पाय आहेत? अठरा वर्षांत कोणी विचारलं नाही त्यांना. आणि आज तुम्ही नऊ वाजता येता काय, भिंग मागता काय, आणि बरोबर एक वाजता, मी डबा उघडणार तोच, विचारता काय—ताई, बारा नंबरच्या कांडीवर सुईची टिंबं दुहेरी कशी? मी आपलं म्हटलं, हात हलला असेल. तुम्ही मान डोलावलीत आणि पुढच्या कांडीकडे वळलात. संपलं. पण डबा काही मला गेला नाही, तो बघा तसाच आहे खिडकीत. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं. आता चार वाजलेत. पाचला दादा गेट बंद करून मला न्यायला येतो, तेवढा वेळ आहे. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे—इथे, माझ्या खुर्चीत. मी उभीच बरी. तीस वर्षं उभं राहून लाकडं घासली, बसलं की उलट कंबर धरते.

हात हलला नव्हता. माझा हात हलत नाही, हे या इमारतीत कोणालाही विचारा. मला इथे ताई कोणी म्हणत नाही नुसतं, कांडीताई म्हणतात. तुम्ही उपग्रहवाल्या, तुमचं सगळं पडद्यावर, कांडी आज पहिल्यांदाच हातात धरलीत—धरलीत तीही पेनासारखी, मला हसूच आलं—म्हणून सकाळी मीच तुम्हाला शिकवलं, की झाडाला पोकळ गिरमिट फिरवायचं, आतून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरने घासत न्यायची, आधी खरखरीत मग बारीक मग त्याहून बारीक, की एकेक वर्षाची रेघ उभी राहते. आणि सालीकडून मोजत जायचं, दर दहा वर्षांना सुईने एक टिंब, पन्नासला दोन, शंभरला तीन. मीच शिकवलं! आपणच शिकवायचं आणि आपणच सापडायचं. टिंब म्हणजे मोजणाऱ्याची सही असते हो. कागद फाडता येतो, लाकडातलं भोक बुजत नाही. ते काढायचं तर परत घासावं लागतं, भोकाच्या खालपर्यंत. एकोणचाळीस कांड्या मी तशा घासल्यात. हातात घेऊन बघा, इतर प्लॉटच्या कांड्यांपेक्षा या बसक्या आहेत. ते तुमच्या लक्षात आलं नाही. येईलच, आज ना उद्या, तुमचे डोळे चांगले आहेत.

पाणी हवंय? नको? मग मला घेऊ द्या.

तर मोठे सर. तुम्ही त्यांचे लेख वाचले असतील, आता ते परदेशात मुलीकडे असतात, नातवाला शाळेत सोडतात म्हणे. भला माणूस. आवाज चढवून कधी बोलले नाहीत, आणि तेच तर—पण थांबा, क्रमाने सांगते. सरांचं डोकं असं, की चाळीस झाडांच्या कांड्या काढल्या तर चाळीस झाडांचं कळलं, जंगलात झाडं चार लाख. सगळ्यांना गिरमिट लावत बसलं तर जन्म पुरायचा नाही. आणि वर तो उपग्रह, तो एका नजरेत सगळं जंगल बघतो, पण त्याला दिसतो नुसता हिरवेपणा. मग दोघांची गाठ घालून द्यायची. ज्या वर्षी वरून हिरवं जास्त, त्या वर्षी कांडीतलं वलय रुंद—असं जुळलं, की हिरव्यावरून लाकूड मोजता येतं, जंगल वर्षाला किती वाढतं ते बसल्या जागी सांगता येतं. आणि जेवढं वाढतं तेवढं तोडायला हरकत नाही, असा वरच्या ऑफिसचा हिशोब. म्हणजे बघा, कोणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एक रेघ खरी का खोटी ठरवतं, आणि तिकडे डोंगरावर करवत चालते किंवा थांबते. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चांगलं कळत होतं.

सहा प्लॉट जुळले. झकास जुळले. सातवा जुळेना.

सातवा दादाचा. म्हणजे आमच्या बापाचा नव्हे, पण वनरक्षक तो, बावीस वर्षं तो उतार त्याच्या पायाखाली होता. कांड्या काढून खाली आणायचाही तोच. त्यानेच मला इथे घासायच्या कामाला लावलं. लाकडाच्या वासावरून झाड ओळखायला त्यानेच शिकवलं, डोळे मिटून बसवायचा आणि नाकाखाली ढलपी धरायचा, चुकलं की टपली. लोक म्हणायचे, तुझ्या दादाला माणसांपेक्षा झाडं जास्त ओळखतात. वहिनी म्हणायची, मग झाडांनाच स्वयंपाक करायला सांगा. तर तो तेव्हापासून सांगत होता, की सातमध्ये झाडं उपाशी आहेत. वरून हिरवं दिसतं ते झाडाचं नाही, वेलींचं आहे. वेली शेंड्यापर्यंत चढल्यात, झाडाच्या डोक्यावर बसून ऊन खातायत, खाली झाड अडून बसलंय. उपग्रहाला काय, हिरवं ते हिरवं, कोणाचं ते तो विचारत नाही. आता तुमचा नवा उपग्रह म्हणे पानांच्या आत शिरून लाकूड किती ते बघतो, आणि त्याला सातच्या आसपास काही सापडेना, म्हणून तुम्ही इथवर आलात. अठरा वर्षांनी उपग्रह दादाच्या मुद्द्यावर आला. त्याला सांगितलंत तर हसेल तो—नाही, सांगू नका. अजून नको.

मोजणाऱ्याने आलेख बघायचा नाही, हा आमचा नियम. वरून काय दिसलं ते माहीत नसताना कांडी मोजायची, मगच मोजण्याला काही अर्थ. सहाही प्लॉट मी तसेच मोजले. सातवा पहिल्यांदा मोजला, खरा मोजला—शेवटची चौदा वर्षं वलयं अशी बारीक की दोरा बरा. सरांना कागद दिला. सरांनी बघितला, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, ‘परत बघा.’ एवढंच. मी परत बघितलं. तेच आलं. परत दिलं. ‘परत बघा, ताई.’ तिसऱ्या वेळी मी गेले तेव्हा सर खुर्चीवर चढून भिंतीवर एक लांबच लांब कागद लावत होते, तोंडात टाचण्या, म्हणाले जरा ते टोक धरता का. मी धरलं. आणि धरल्यावर बघणार नाही तर काय करणार, डोळे मिटून घेऊ? माझ्या हातातल्या टोकाशी आलेखाची रेघ उंच होती. सरांच्या टोकाशी खाली होती. सातव्या प्लॉटचं हिरवं, डावीकडून उजवीकडे चढत चढत आलेलं, आणि सगळ्यात उंच भाग माझ्या नाकासमोर. सर खाली उतरले, हात झटकले, म्हणाले, ‘परत बघाल ना?’

मुद्दाम दाखवला का त्यांनी? अठरा वर्षं मी हेच उगाळतेय, आणि कोळसा उगाळावा तितका काळाच. दाखवलाही असेल. किंवा खरंच टोक धरायला कोणी नव्हतं. एका शब्दाने बोलले असते ना, ताई, एवढं जुळवून द्या, तर मी आज तुमच्यापुढे ताठ मानेने सगळं त्यांच्यावर ढकललं असतं. पण ते बोललेच नाहीत! बोलायला लागलंच नाही त्यांना. मी समजदार निघाले.

तू म्हणू का तुला? माझ्या भाचीच्या वयाची आहेस, या वयाच्या मुलीला अहो-जाहो करून असलं काही सांगता येत नाही मला. हं. तर ऐक, कसं करतात ते ऐक, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाचं ओळखता येईल. खऱ्या वर्षाची रेघ एका बाजूने पसरट असते, दुसऱ्या बाजूने सुरीने कापल्यासारखी—तिथे झाड थांबलं, वर्ष संपलं. आणि खोटी रेघ म्हणजे वर्षाच्या मध्येच पाणी तुटलं, झाडाला वाटलं संपलं वर्ष, मग परत पाणी मिळालं, परत वाढायला लागलं. ती दोन्ही बाजूंनी विरघळलेली असते. पण चौदा बारीक वर्षं एकाला एक चिकटून बसली, की कड कुठली आणि विरघळलेलं कुठलं, ब्रह्मदेवाच्या बापालाही ठाम सांगता येत नाही. पहिली रेघ मी खोटी धरली ती खरंच शंकास्पद होती. देवाशपथ. दोन वर्षांचं एक झालं आणि ते एक लगेच चांगलं जाडजूड दिसायला लागलं. दुसरी—दुसरीपण होती तशी. तिसरीला मी भिंगातून बघत होते आणि डोळ्यांपुढे ते कागदाचं टोक होतं. पाचव्याला मी बघतसुद्धा नव्हते. पाच वर्षं खाल्ली मी त्या झाडांची.

आणि मग पंचाईत. त्या प्लॉटमध्ये एका वर्षी वणवा लागून गेला होता, तो डाग सगळ्या कांड्यांवर आहे, काळा, आणि वर्ष तर सगळ्यांना पाठ. पाच वर्षं खाल्ल्यावर वणवा पाच वर्षं उशिरा लागायला लागला! आता? आता इथे थांबले असते ना मी, तरी म्हणता आलं असतं, चुकले बाई, माणूस चुकतं. मी थांबले नाही. वणव्याच्या अलीकडची, पण त्या चौदाच्या आधीची जुनी वर्षं, जेव्हा झाडं खरंच धष्टपुष्ट वाढत होती, तिथल्या रुंद वलयांत चांगल्या ठळक खोट्या रेघा होत्या. त्या पाच मी खऱ्या धरल्या. पुढे पाच खाल्ली, मागे पाच घातली. वणवा आपल्या जागी आला. जुनी वाढ बारीक झाली, नवी जाड झाली. आलेखाला आलेख असा बसला, की सर माझ्या टेबलापाशी आले आणि पहिल्यांदा म्हणाले, ‘परत बघायला नको.’ मला किती आनंद झाला म्हणून सांगू? हे सगळ्यात वाईट. मला आनंद झाला. तिसऱ्या वेळेनंतर मला वाटत होतं, आता हे मला परत घासायला बसवणार, मोजायला कोणी शिकलेली आणणार—आणि तसं झालं नाही. त्यांच्या लेखाच्या शेवटी आभारात माझं नाव आहे, बारीक अक्षरात. मी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून आणला होता. वहिनीने तो दिवाणखान्यात लावला. अजून आहे.

मग टिंबं. पहिल्या खऱ्या मोजणीची टिंबं होती ना लाकडात, ती राहिली तर कोणीही विचारेल—जसं तू विचारलंस. आठवडाभर घासत होते. बारा नंबरला हात लावला आणि घासवेना. बारा नंबर म्हातारबा. उताराच्या मध्यावर उभं होतं ते झाड, दोघांनी हात धरले तरी कवेत यायचं नाही, दादा जाता-येता त्याच्या बुंध्यावर थाप मारायचा, काय म्हातारबा, बरं आहे ना. त्या कांडीला साल दादानेच सुतळीने बांधून आणली होती, सुटू नये म्हणून. मी पॉलिश पेपर घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी जुन्या टिंबांशेजारीच नवी टोचली आणि खण बंद केला. म्हटलं कोण बघतंय. चाळीसमधली एक.

दादाकडे दोरी होती. सांगितलं का मी? नाही. म्हातारबाच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर खिळा मारलेला, त्या खिळ्यावरून दादा दर वर्षी ठरल्या दिवशी एक दोरी गुंडाळायचा, जिथे टोक भेटेल तिथे गाठ. झाड वाढलं तर पुढची गाठ पुढे पडणार, साधं गणित, त्याला उपग्रह लागत नाही. सहा वर्षं गाठ जागची हलली नव्हती. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ, सुपारीएवढा गोळा झाला होता तिथे.

सभा झाली ती खालच्या हॉलमध्ये. वरच्या ऑफिसचे साहेब, लाकूड-डेपोचे लोक, सर, सरांचा तो लांब आलेख, आणि मी बाजूला खुर्चीवर—मला खुर्ची होती. दादा मागे दाराशी उभा. सगळं संपत आलं आणि साहेब म्हणाले कोणाला काही विचारायचंय का, तर हा पुढे आला. खिशातून दोरी काढली. म्हणाला, साहेब, सातमध्ये तोडू नका, झाड वाढत नाहीये, ही बघा गाठ. कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, पण म्हणाले, अहो, जंगल असं दोरीने मोजतात का? तरी दादा हटेना, दोरी तशीच दोन्ही हातांत ताणून धरलेली. तेव्हा सर माझ्याकडे वळले. अगदी हळू म्हणाले, ‘ताई, मोजलंय तुम्ही. काय म्हणतात कांड्या?’

काय म्हणाले असेन मी? सांग ना. तू असतीस तर?

‘वाढतंय, सर.’ दोन शब्द. पाणी लागलं नाही प्यायला की खाकरावं लागलं नाही. दादाने माझ्याकडे बघितलं, मग ती दोरी बोटांवर गुंडाळायला लागला, हळूहळू, सगळा हॉल थांबलेला, आणि त्याची गुंडाळून होईना. घरी जाताना तो माझ्या पुढे चार पावलं. कोपऱ्यावर थांबला. वळून विचारलं, ‘नीट मोजलंस ना?’ मी म्हटलं, ‘हो.’ म्हणाला, ‘मग ठीक.’ बस. त्यानंतर अठरा वर्षांत त्यावर एक अक्षर नाही.

सात तोडलं. पहिल्या वर्षी हिशोबाप्रमाणे, मग हिशोबाप्रमाणेच, पण हिशोबच असा, की जंगल भरून येण्याआधी पुढची पाळी यायची. सातव्या-आठव्या वर्षी वरचा उतार मोकळा झाला. खालच्या वस्तीचा झरा आटला, आता टाकीतून पाणी नेतात. दादाला त्याआधीच हलवलं होतं—सभेत साहेबांपुढे बोलला म्हणून नाही म्हणे, वयामुळे म्हणे—आणि आणून बसवला कुठे, तर आमच्या गेटवर! नोंदवही आणि एक खुर्ची. बावीस वर्षं डोंगर चढलेला माणूस गाड्यांचे नंबर लिहायला. नोकरी संपून तीन वर्षं झाली तरी नवा वॉचमन मिळेपर्यंत म्हणून बसतोच आहे. रोज सकाळी मला गेट उघडून देतो आणि म्हणतो, ‘आलीस का?’ हसून म्हणतो हां, रागाने नाही. पण चोराच्या मनात चांदणं. मला त्या ‘आलीस का’मध्ये ‘नीट मोजलंस ना’ ऐकू येतं. रोज. रविवार सोडून. त्याला माहीत आहे, मला पक्कं ठाऊक आहे त्याला माहीत आहे, आणि मला लाज वाटू नये म्हणून तो बोलत नाही. अशी शिक्षा कोणी कोणाला देत नाही बघ—चांगुलपणाची.

मी एकदा गेले होते वर. एकदाच. म्हातारबाचा बुंधा होता, करवतीने सपाट कापलेला, आणि अगं, वलयं सगळी उघडी पडलेली, सूक्ष्मदर्शक नको की काही नको, कोणी पोरही बोटाने मोजेल. शेवटची चौदा वर्षं. मी नखाने मोजली. चौदाच. आणि मग मी काय केलं माहितीये? बाजूची ओली माती ओंजळीने घेऊन त्यावर थापली. पदर खोचून, गुडघ्यावर बसून, सगळा बुंधा सारवला. दादा कधी तिकडे गेला तर त्याने मोजू नये म्हणून. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, जंगलात एकटी, झाडाच्या थोटकावर माती थापतेय. कोणी बघितलं असतं तर वेडी समजले असते. बरं झालं असतं समजले असते तर.

हे सगळं तू लिहिणार. लिहायलाच हवं, कारण सरांचं ते गणित अजून वापरतात, दुसऱ्या डोंगरांवरही वापरतात, तूच सकाळी सांगितलंस. मला वाटत होतं मी एका उताराचं वाटोळं केलं. लिही. पहिल्या मोजणीचे खरे कागद आहेत माझ्याकडे, या कपाटाच्या मागे, फेकवले नाहीत—देते. नाव घाल माझं, आभारात घातलं होतं तसंच, पण मोठ्या अक्षरात. फक्त एक कर. आठ दिवस थांब. पुढच्या सोमवारी दादा माझ्या भाचीकडे, म्हणजे त्याच्या लेकीकडे, राहायला जातोय, कायमचा, इथून लांब. तिथे त्याला असले लेख-बिख कोण दाखवणार? तो गेला की लिही. अठरा वर्षं न बोलता काढलीत आम्ही, आठ दिवसांसाठी कशाला—त्याला माहीत आहेच, मग ते तोंडाने बोलून काय मिळणार? तेवढं करशील ना? मान का हलवत नाहीस?

काय शोधतेयस पिशवीत? वही नको, लिहू नको आत्ता. नुसतं हो म्हण.

हे—

हे कुठे मिळालं तुला?

दे इकडे. नाही, राहू दे, टेबलावर ठेव. तीच आहे. गाठीचा गोळा बघ. गेटवर? आज सकाळी? त्याने स्वतः दिली? तू काय विचारलंस त्याला? नोंदवहीत लिहिलंस, ‘सात नंबर प्लॉट’, ते वाचून? आणि आत गेला आणि घेऊन आला. म्हणजे गेटवर ठेवतो तो ही. खुर्चीच्या मागे, डब्यात. रोज मी त्या डब्याला वळसा घालून येते. काय म्हणाला देताना? सगळं सांग. त्याच्या शब्दांत सांग, तुझ्या नको.

‘वजन लावून बघा, किती ताणते ते.’ हं. मग?

परत सांग.

‘झाड वाढत होतं तेवढीच दोरीही ताणत गेली असणार, म्हणून गाठ हलली नाही. मी अडाणी, मला तेव्हा कळलं नाही. भर सभेत उगाच बहिणीला खोटं पाडायला निघालो होतो. ती रेघ न् रेघ मोजते. ती नाही चुकायची.’

असं म्हणाला?

अठरा वर्षं?

म्हणजे ते ‘मग ठीक’ खरंच—त्याने विश्वास ठेवला. मी ‘हो’ म्हटलं आणि त्याने ठेवला. स्वतःच्या हातातली दोरी खोटी धरली त्याने. बावीस वर्षं डोंगर चढलेले डोळे खोटे धरले. उतार बोडका झाला तेव्हासुद्धा त्याला वाटलं असेल आपलंच काही—आणि मी समजत होते, तो मला माफ करतोय. माफ करायला काही माहीत तर हवं! तो रोज सकाळी नुसतं ‘आलीस का’ म्हणत होता गं. नुसतं ‘आलीस का’.

किती वाजले? पाचला दहा कमी.

ऊठ. नाही, आठ दिवस-बिठ दिवस काही नको, विसर ते. कागद कपाटाच्या मागे आहेत, उद्या ने. आत्ता जा. बारा नंबरची कांडी राहू दे बाहेर, भिंग राहू दे, तो दिवा थोडा इकडे वळव—हं, त्याला हल्ली जवळचं बारीक दिसत नाही. दोरीला हात लावू नको. आणि खुर्ची मोकळी कर, त्याला बसावं लागेल. गेटवर त्याला सांग, बहीण आत बोलावतेय. काय म्हणून विचारलं तर सांग, मोजायचंय. तूही थांबतेस? कशाला? तुझ्यासमोर मी सगळं बोलले, ते सोपं होतं, तू माझी कोण? जा, जा तू. दार उघडंच ठेव.